नंबर सेव्ह आहे का?

पत्र : ताई, नमस्कार. मी २७ वर्षांचा, नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात एका कंपनीत इंजिनिअर आहे. माझ्या मामी २०२६ च्या जानेवारीत महापालिकेला उभ्या होत्या, चारशेच्या आसपास मतांनी पडल्या. सोशल मीडिया सगळा माझ्याकडे होता. फेसबुक पेजला अकरा हजार फॉलोअर्स आहेत, एका रीलला लाखावर व्ह्यूज आले. तरी पडलो. मामा म्हणतात, "तुझ्या मोबाइलनं एक मत नाही आणलं." आता एक एजन्सी महिना पस्तीस हजारांत वर्षभराचं पॅकेज देते आहे : महिन्याला बारा रील, तीस ग्राफिक आणि प्रभागातले वीस हजार व्हॉट्सॲप नंबर. घ्यावं का? की मामांचंच खरं, नगरसेवकाच्या निवडणुकीत इंटरनेटचा काही उपयोग नसतो? मित्र म्हणतात, विरोधकांवर मीम सुरू कर. तेही सांगा. — एक भाचा, मानेवाडा

उत्तर : ताई म्हटलंस म्हणून तुला अरे-तुरेच करते.

तुझं पत्र वाचून मी तुला उलट एकच प्रश्न पाठवला होता, तो इथं वाचकांसाठी सांगते. मामींच्या पेजच्या इनबॉक्समध्ये न वाचलेले मेसेज किती आहेत? तू रात्री साडेअकराला उत्तर दिलंस, "४७. मला माहीतच नव्हतं." सोबत तीन स्क्रीनशॉट. त्यातला एक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गेल्या जुलैतला. एका बाईंनी लिहिलंय, "मॅडम, आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला, तो घरापेक्षा उंच झाला. आता पाणी आलं की सरळ ओट्यावर येते. येऊन पाहून जाल का?" खाली फोटो. ओट्याची पहिली पायरी पाण्यात, आणि त्या पाण्यावर एक निळी स्लिपर तरंगते आहे, एकच. त्याखाली तुमच्या पेजनं आपोआप पाठवलेलं उत्तर : "धन्यवाद! आपला संदेश आम्हाला मिळाला आहे." पुढे हात जोडल्याची दोन चित्रं. बस. बाईंनी परत लिहिलं नाही, तुम्ही तर नाहीच. आणि त्याच दिवशीची पेजवरची पोस्ट पाहिली मी. मामी पांढऱ्या गाडीतून उतरताहेत, स्लो मोशनमध्ये, मागे ढोल.

त्या घरात चार मतं असतील तर ती कुठं गेली, हे मी सांगायला नको.

मामांचं अर्धं खरं आहे. मोबाइलनं मत आणलं नाही, कारण तुम्ही मोबाइलचा भोंगा केलात. रिक्षावर बांधलेला भोंगा निदान गल्लीतून तरी जातो. तुमची लाखाची रील कुठं कुठं गेली ते पेजच्या आकडेवारीत शहरानुसार दिसतं, एकदा उघडून बघ. नागपुरात १५१ नगरसेवक, ३८ प्रभाग. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, म्हणजे सरासरी प्रभागात साठ-पासष्ट हजार माणसं धर, पोराबाळांसकट. त्यातले मतदार किती, त्यातले मतदान करणारे किती, हा हिशेब तू इंजिनिअर आहेस, तुला येतो. अकरा हजार फॉलोअर्समधले तुमच्या प्रभागातले दोन हजार निघाले तरी मी पेढे वाटीन. बाकीचे अमरावती, पुणे, इंदूर आणि देव जाणे कुठले. त्यांनी अंगठा दाखवला म्हणून त्यांना इथलं बटण दाबता येत नाही.

थोडं माझं सांगते, म्हणजे मी कुठल्या तोंडानं बोलते ते कळेल. सीताबर्डीवर माझं वीसेक वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छापायचं दुकान होतं. पत्रकं, मतदार याद्या, चिठ्ठ्या, "भावी नगरसेवक"वाले वाढदिवसाचे बॅनर, सगळ्या पक्षांचे. २०१७ च्या निवडणुकीत एका उमेदवारानं व्हॉट्सॲपही माझ्याच गळ्यात घातलं. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावायची. कोणीतरी कुठल्याशा क्लासची आणि रिचार्जच्या दुकानाची नंबरांची वही आणून दिली, मी रात्री बसून २४० लोक ग्रुपात कोंबले. सकाळी उठले तर सत्तर-एक जण बाहेर. सर्वांत वाईट म्हणजे एका निवृत्त मास्तरांचा फोन. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, माझा नंबर तुम्हाला कोणी दिला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेल्यांपैकी एक समोरच्या उमेदवाराचा माणूस होता. तो आठवडाभर गप्प बसला, आणि प्रचाराच्या शेवटच्या दिवशी त्यानं ग्रुपात आमच्याच उमेदवाराच्या जुन्या आश्वासनांचं पत्रक टाकलं. माझ्याच दुकानात छापलेलं.

तेव्हा एजन्सीचे वीस हजार नंबर. नको, फुकट दिले तरी नको. आणि हे मी शिष्टाचारापोटी म्हणत नाहीये. यामागे व्हॉट्सॲपची एक साधी बाब आहे, जी एजन्सीवाले सांगत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदाच अनेकांना वेगवेगळा जाणारा मेसेज त्याच माणसाला पोचतो ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. नसेल तर तो जातच नाही. तुम्हाला वाटतं गेला. एका लिस्टमध्ये २५६ जण, त्यातल्या चाळीस जणांनी मामींचा नंबर ठेवला असेल तर तुमचा मेसेज चाळीस जणांचा. ग्रुपात ओढायचं म्हटलं तर २०१९ पासून माणूस सेटिंगमधूनच ठरवतो की मला कोणी जोडायचं. सॉफ्टवेअर लावून अनोळखी नंबरांवर धडाधड पाठवायला गेलास तर मामींचा नंबरच बॅन होईल, तोही ऐन प्रचारात. फॉरवर्डवर विसंबू म्हणशील, तर २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच चॅटना, आणि फार फिरलेला मेसेज असेल तर २०२० पासून एकाच. शिवाय २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. मास्तरांचा तो प्रश्न आता नुसता लाजेचा राहिलेला नाही.

म्हणून माझ्या लेखी प्रचाराचा आकडा एकच. प्रभागातल्या किती फोनमध्ये मामींचा नंबर त्यांच्या नावानं सेव्ह आहे? फॉलोअर्स, व्ह्यूज, लाइक बाजूला ठेव. आणि माणूस नंबर कधी सेव्ह करतो, तू सांग बरं. प्लंबरचा करतो. सिलिंडरवाल्याचा करतो. सोसायटीच्या चौकीदाराचा करतो. ज्याची परत गरज पडेल त्याचा.

तुमच्याकडे ही संधी केवढी मोठी होती! २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि २०२६ पर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. जवळपास चार वर्षं नळाला पाणी नाही, चेंबर तुंबलं, पथदिवा बंद, तर फोन कोणाला करायचा हेच लोकांना कळत नव्हतं. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून रात्रीतून घरांत पाणी शिरलं, तेव्हा तर नाहीच. त्या काळात ज्यानं फोन उचलला तोच लोकांसाठी नगरसेवक झाला, पद असो-नसो. तू त्या काळात ग्राफिक बनवत होतास. मीही बनवलेत रे, टोमणा मारत नाही.

आता काय करायचं ते.

एक वेगळं सिम घे, मामींच्या नावानं. तुझ्या किंवा एजन्सीच्या नावानं नको. हाच नंबर पत्रकावर, बॅनरवर, गाडीच्या काचेवर, सगळीकडे. लोकांना सांगायचं : हा नंबर सेव्ह करा आणि एक मिस्ड कॉल द्या. मिस्ड कॉलची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. २०११ च्या अण्णा हजारेंच्या आंदोलनात ती चालली, २०१४ च्या अखेरीस भाजपनं तिच्यावर सदस्य नोंदणी केली. पैसे लागत नाहीत, लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही, आणि नंबर माणसानं आपल्या हातानं दिलेला असतो. पण मोठे पक्ष तिथं आकडा मोजून थांबतात. तू मिस्ड कॉल आला की त्याच दिवशी परत फोन करायचा. नाव, गल्ली, मतदान केंद्र कोणतं आणि "काही काम आहे का?" एवढं विचारायचं. मग त्यांचा नंबर तू कसा सेव्ह करशील ते महत्त्वाचं : आधी केंद्राचा क्रमांक, मग गल्ली, मग नाव. म्हणजे शोधताना केंद्राप्रमाणे सगळे एका ओळीत येतात आणि ब्रॉडकास्ट लिस्टही केंद्रवार बनते. एका केंद्रावर आठशे-हजार मतदार धर. तिथले शंभर नंबर असे जमले तर ती लिस्ट तुझ्या लाखाच्या रीलला भारी.

सोबत एक साधी शीट ठेव. तारीख, माणूस, तक्रार, कुणाला कळवलं, काय झालं. शेवटचा रकाना सर्वांत अवघड. कारण बऱ्याचदा काहीच झालेलं नसतं, आणि तेही कळवायचं असतं. "झोन ऑफिसला अर्ज दिला, हा अर्जाचा फोटो, पुढच्या सोमवारी परत जाते." पडलेल्या उमेदवाराकडे सत्ता नसते, हे लोकांना कळतं. लोक काम होण्याची जितकी वाट बघतात त्याहून जास्त उत्तराची बघतात. आणि उत्तर मामींच्या आवाजात जाऊ दे. व्हॉइस नोट. त्या बोलतात तशा, "का हो वहिनी, पाणी उतरलं का?" असं. तुझ्या ग्राफिकवरची ती "विकासाची नवी पहाट" नागपुरात अजून कोणाच्या घरी उगवलेली मी पाहिली नाही. प्रभागात हिंदी बोलणारी घरं असतील तर त्यांना हिंदीत. मामी भाजीबाजारात ज्या भाषेत घासाघीस करतात तीच भाषा फोनवर.

मतदार यादीचं काम तर इंटरनेटवाल्यांसाठीच राखून ठेवल्यासारखं आहे, आणि कोणी करत नाही. महापालिकेसाठी वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागाप्रमाणे फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे जी सून दिवाळीत लग्न होऊन आली आणि जिनं थंडीत अर्ज भरला, ती जानेवारीत मत देऊ शकली नाही, तिनं कितीही तुमच्या रील पाहिल्या असोत. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. दोन्ही घरबसल्या मोबाइलवरून भरता येतात, आणि २०२२ पासून वर्षाला चार तारखा आहेत : जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली. तू दर तीन महिन्यांनी एक शनिवार पानठेल्याजवळ टेबल टाकून बस. अठरा वर्षं पूर्ण झालेली पोरं, नव्या सुना, भाड्याचं घर बदललेले. नमुना ६ भरून दिलेला पोरगा तुझा नंबर पुसत नाही. रिंग रोडच्या पलीकडच्या लेआउटमध्ये तर हे सोनं आहे. तिथं रोज नवी घरं उभी राहतात आणि नावं मात्र जुन्या मोहल्ल्यातच राहतात. आरएल लेटरचे (प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राचे), गुंठेवारीचे (विनापरवाना पाडलेल्या प्लॉटचे) प्रश्नही याच टेबलावर येतील. सगळ्यांची उत्तरं येत नसतील तर लिहून घे, विचारून सांग.

दुसरी गोष्ट, चार मतांची. आपल्याकडे एका प्रभागातून चार जागा, अ, ब, क, ड, फक्त शेवटच्या ३८ क्रमांकाच्या प्रभागात तीन. माणसाला चार वेळा बटण दाबायचं असतं. कोणी पहिलं बटण दाबून निघायला लागतो, कोणाला वाटतं मशीन बिघडलं. नको असेल तिथं 'नोटा' दाबावं लागतं हेही कित्येकांना ठाऊक नसतं. मामी कोणत्या जागेवर आहेत, अ की ड, हे तुमच्या एकाही रीलमध्ये मला सापडलं नाही! चाळीस सेकंदांचा उभा व्हिडिओ कर. पुठ्ठ्याची चार खोटी यंत्रं, मामींचं बोट, खाली मोठ्या अक्षरांत मजकूर, कारण लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. एवढ्या एका व्हिडिओसाठी मी पगार दिला असता तुला.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात केंद्रवार लिस्ट कामाला येतात. एकाच घरात सासऱ्याचं केंद्र एका शाळेत आणि सुनेचं दुसरीकडे, हे आपल्याकडे नेहमीचं. प्रत्येक घराला त्यांच्या नावांचा यादीतला अनुक्रमांक, केंद्र, खोली आणि नकाशावरची खूण पाठव. चिठ्ठी साधी ठेव, पांढरी, त्यावर उमेदवाराचं नाव-चिन्ह नको. मतदानाच्या दिवशी नाव-चिन्हाच्या चिठ्ठ्या चालत नाहीत, मी छापताना दहा वेळा बजावायचे तरी कोणीतरी चिन्ह टाकून मागायचाच.

तुला तांत्रिक गोष्टी आवडतात म्हणून एक किस्सा. अमेरिकेत ओबामांच्या अध्यक्षपदाच्या पहिल्या मोहिमेत, २००७ च्या अखेरीस, त्यांच्या संकेतस्थळाचं पहिलं पान कसं असावं यावर कार्यालयात मतं पडली. बहुतेकांना व्हिडिओ हवा होता. एका अभियंत्यानं वाद न घालता सहा चित्रं-व्हिडिओ आणि चार प्रकारची बटणं घेऊन २४ जोड्या केल्या आणि आलेल्या लोकांना आलटून पालटून दाखवल्या. सगळे व्हिडिओ फोटोंपेक्षा मागे पडले. जिंकला तो कुटुंबाचा साधा फोटो आणि 'नोंदणी करा'ऐवजी 'अधिक जाणून घ्या' म्हणणारं बटण. ईमेल देणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ वर गेलं. तुझ्याकडे तेवढी गर्दी नाही, पण रीत तीच. एकच मेसेज दोन तऱ्हेनं लिही, एक मामींच्या फोटोसह, एक नुसत्या व्हॉइस नोटेचा. अर्ध्या केंद्रांना एक, अर्ध्यांना दुसरा. दोन दिवसांनी कुठून किती उत्तरं आली ते मोज. मामांना काय आवडलं आणि तुझ्या मित्रांना काय आवडलं, हे त्यात धरायचं नाही. मामांना सांगू नकोस मी असं म्हटलं.

आणि त्याच देशातला उलटा किस्सा, कारण तो तुमचाच आहे. २००४ च्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणारे हॉवर्ड डीन इंटरनेटवर सगळ्यांच्या पुढे होते. लोक ऑनलाइन जमत, छोट्या छोट्या देणग्यांचा पाऊस पडे. आयोवा राज्यात पहिली लढत होती, तिथं देशभरातून त्यांचे हजारो स्वयंसेवक पोचले, डोक्यावर भडक नारिंगी टोप्या. संत्रानगरीच म्हण ना. पण ते बाहेरचे होते. तिथल्या माणसाच्या दारात उभी राहिलेली टोपी त्याच्या ओळखीची नव्हती. डीन तिसरे आले आणि मोहीम तिथूनच घसरली. तुमचे अकरा हजार ते हेच, नारिंगी टोप्यांचे.

जाहिरातीला पैसे घालूच नयेत असं मी म्हणत नाही. प्रभागाभोवती छोटं वर्तुळ आखून, मिस्ड कॉलच्या नंबरासाठी, थोडे पैसे लावायला हरकत नाही. पण २०१९ पासून फेसबुकवर राजकीय जाहिरातीसाठी ओळखपत्र तपासून घ्यावं लागतं आणि 'पैसे कोणी दिले' ते जाहिरातीवर छापावं लागतं. त्या जाहिराती सात वर्षं त्यांच्या जाहिरात संग्रहात राहतात, कोणीही बघू शकतो. समोरच्याच्या जाहिराती तूही बघ, फुकट शिक्षण आहे. निवडणूक लागली की हा सगळा खर्च उमेदवाराच्या हिशेबात येतो, रील बनवणाऱ्या पोराच्या पगारासकट. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा नाही, त्यामुळे यूट्यूबवर कोणी काय सांगतं यापेक्षा त्यांचा त्या वेळचा आदेश वाच. जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यायची, प्रचार कधी थांबवायचा, सगळं त्यात असतं. बिलं पहिल्या दिवसापासून जपून ठेव.

खोटे व्हिडिओ येतील, मामींच्या आवाजातलेसुद्धा. २०२४ च्या मे महिन्यात केंद्रीय निवडणूक आयोगानं पक्षांना तंबी दिली होती की असली बनावट चित्रफीत लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत उतरवा. प्रभागात तीन तास म्हणजे फार झाले. लिंक आणि स्क्रीनशॉट काढून निवडणूक अधिकाऱ्याकडे आणि सायबर पोलिसांकडे दे, आणि तो व्हिडिओ "हा खोटा आहे" असं लिहून स्वतः फिरवू नकोस, त्यानं तोच जास्त फिरतो. मामींची वीस सेकंदांची व्हॉइस नोट पुरे. लोक त्यांचा आवाज वर्षभर ऐकत आले असतील तर खोटा ओळखतील. नसतील ऐकत, तर कुठलाही खुलासा उशिराचाच.

मीमचं म्हणशील तर आपल्या शहराला ते शिकवायची गरज नाही. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत निघते, तिच्यासोबत बडगे निघतात, सगळे मिरवणुकीतले पुतळे. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, पुढाऱ्यांचे तर विचारूच नको. सव्वाशे वर्षांहून जुनी रीत. जुन्या नागपुरातला सगळा महाल, सगळी इतवारी पोट धरून हसते, "इडा-पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणते आणि त्याच दिवशी बडग्या जाळून मोकळी होते. तुझं मीम जळत नाही. त्याचा स्क्रीनशॉट पाच वर्षं कोणाच्यातरी फोनमध्ये पडून राहतो, आणि ज्याच्यावर केलंस त्याची बहीण मामींच्याच गल्लीत राहते. खड्ड्यावर मीम कर, रोज कर. माणसावर नको. बायकांवर तर चुकूनही नको.

एजन्सीचं तर झालंच की. पस्तीस हजारांचं पॅकेज घेऊ नकोस. त्यातले दहा-बारा हजार देऊन प्रभागातलीच एखादी चुणचुणीत मुलगी अर्ध्या दिवसासाठी ठेव, जिला गल्ल्या माहीत आहेत आणि जी फोनवर नीट बोलते. रील तुझ्या मोबाइलवर निघेल तशी काढ. आणि हो, आताच्या पेजचा ताबा कोणाकडे आहे ते आजच तपास. ॲडमिन म्हणून मामींचं आणि तुझंच नाव हवं, व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली हवी. पेज एजन्सीच्या खात्यातून उघडलेलं, पैशांवरून बिनसलं आणि निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराला स्वतःच्याच पेजवर शिरता येईना, हे मी एकदा पाहिलं आहे. तो गृहस्थ माझ्या दुकानात येऊन डोकं धरून बसला होता, मी त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार.

पुढच्या निवडणुकीला वेळ आहे. आरक्षणाची सोडत काय निघेल, प्रभाग कसा कापतील, मामी उभ्या राहतील की नाही, हे तुझ्या हातात नाही. ते ४७ मेसेज आहेत.

ते आज रात्री जुन्यापासून नव्याकडे वाचून काढ. "भाभीजी छान दिसता"वाले आठ-दहा असतील, ते सोड. उरलेल्यांची यादी कागदावर लिहून मामींना दे. फोन मामींनीच करायचा, तू नाही. दिवसाला पाच. सुरुवातीला काय बोलायचं हे त्या विचारतील, तर सांग : "तुमचा मेसेज माझ्याकडून वाचायचा राहून गेला." एवढंच. निवडणुकीचं नाव काढायचं नाही. त्या निळ्या स्लिपरवाल्या बाईंकडे मात्र फोनवर भागणार नाही, त्यांनी तेव्हाच "येऊन पाहून जाल का" विचारलं होतं. पाऊस लागायच्या आधी जा. जाताना मोबाइल खिशात ठेव, रील काढू नकोस.